गुण वाढले, पण रुग्णापर्यंत काय पोचलं? आगाऊ वैद्यकीय निर्देशांच्या प्रशिक्षणावरचं नर्सिंग संशोधन कसं तपासायचं

आगाऊ वैद्यकीय निर्देश म्हणजे लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात ते. पुढे कधी स्वतःला बोलता आलं नाही तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीनं निर्णय कोणी घ्यायचा, हे माणूस शुद्धीवर असतानाच लिहून ठेवतो. कागद फाइलला लागतो, पण त्याबद्दलचे प्रश्न येतात ड्यूटीवरच्या सिस्टरकडे. ‘यावर सही केली म्हणजे वेदनेचं औषधही बंद करणार का?’ ‘आईचं मत मधेच बदललं तर?’ ‘मोठा भाऊ नको म्हणाला तर हा कागद चालेल का?’ या प्रश्नांना नर्सला नीट उत्तर देता यावं म्हणून प्रशिक्षणं होतात, आणि त्यांचा उपयोग होतो का हे पाहणारं संशोधनही होतं.

त्यातले बरेच पेपर एकाच साच्याचे असतात. आधी प्रश्नावली, मग व्याख्यान, मग पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढले, पी मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी आलं, निष्कर्ष: प्रशिक्षण परिणामकारक. जर्नल क्लबमध्ये, म्हणजे पेपर वाचून चर्चा करणाऱ्या बैठकीत, किंवा प्रबंधाच्या साहित्य आढाव्यात पहिल्यांदा असा पेपर हाती आला की बहुतेक विद्यार्थी सारांश वाचून दाखवतात आणि शेवटी ‘सॅम्पल लहान होतं’ एवढं म्हणून खाली बसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं असं, की या विषयात जे मोजायला सगळ्यात सोपं आहे ते रुग्णाच्या खाटेपासून सगळ्यात लांब असतं. पेपर तपासायचा म्हणजे हे अंतर किती आहे ते शोधायचं.

पायरी १: निष्कर्ष झाकून ठेवा आणि प्रश्न स्वतः लिहा

सारांश बाजूला ठेवून थेट ‘पद्धती’ हा भाग उघडा. वहीत चार ओळी लिहा: कोणाला शिकवलं, काय आणि किती शिकवलं, तुलना कशाशी केली, आणि शेवटी काय मोजलं. प्रत्येक ओळ पेपरमधल्या वाक्यावरून यायला हवी. अंदाजानं भरू नका. एखादी ओळ रिकामी राहिली तर तीच तुमची पहिली नोंद.

‘कोणाला’ या ओळीपाशी थोडं थांबा. आयसीयूतल्या अनुभवी नर्स, नर्सिंगचे विद्यार्थी आणि स्वतः रुग्ण व नातेवाईक या तीन वेगळ्या दुनिया आहेत. विद्यार्थ्यांचे गुण वाढले म्हणून वॉर्डातलं काम बदलेल असं धरता येत नाही, कारण विद्यार्थ्याच्या हातात वॉर्ड नसतो.

‘काय शिकवलं’ इथे तीन गोष्टींची सरमिसळ वारंवार दिसते. आगाऊ निर्देश हा रुग्णाचा दस्तऐवज. आगाऊ उपचार नियोजन ही रुग्ण, घरचे आणि उपचार करणारे यांच्यातली दीर्घ चालणारी बोलणी. त्यातून दस्तऐवज निघेल किंवा निघणारही नाही. आणि हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवन करू नये ही फाइलमधली डॉक्टरांची ऑर्डर. प्रस्तावनेत एकाबद्दल बोलून प्रश्नावलीत दुसरीच गोष्ट विचारणारे पेपर भेटतात. तसं दिसलं तर स्पष्ट लिहा.

पायरी २: मोजलेली गोष्ट कोणत्या थरावरची आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेली चार थरांची रचना प्रशिक्षणाच्या मूल्यमापनात आजही वापरतात. पहिला थर प्रतिक्रिया: शिकणाऱ्यांना सत्र आवडलं का. दुसरा शिक्षण: ज्ञान, दृष्टिकोन, आत्मविश्वास बदलला का. तिसरा वर्तन: काम करण्याची पद्धत बदलली का. चौथा परिणाम: ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याला काय मिळालं. आपल्या विषयात तिसरा थर म्हणजे नर्सनं रुग्णाशी हा विषय खरंच काढला का, त्याची नोंद फाइलमध्ये झाली का, निर्देश असल्याचं पुढच्या पाळीला कळवलं का. चौथा थर म्हणजे रुग्णाला जे हवं होतं तेच शेवटी झालं का, आणि घरच्यांवरचा निर्णयाचा ताण हलका झाला का.

पेपरमधला प्रत्येक मोजलेला परिणाम या चारांपैकी एका थरात टाका. बहुतेक वेळा सगळे दुसऱ्या थरात जमा होतील. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ज्ञान लागतंच. चूक होते ती चर्चेच्या भागात: मोजमाप दुसऱ्या थरावर आणि दावा चौथ्यावर. ‘या प्रशिक्षणामुळे रुग्णांच्या स्वायत्ततेचं रक्षण होईल’ असं वाक्य दिसलं की खाली रेघ मारा आणि विचारा, याचा पुरावा कोणत्या तक्त्यात आहे?

हे थर एकमेकांना आपोआप जोडलेले नाहीत. त्याचा सगळ्यात मोठा धडा अमेरिकेतल्या सपोर्ट या अभ्यासानं दिला. १९९५ मध्ये तो ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पाच शिक्षण-रुग्णालयांतले गंभीर आजारी रुग्ण त्यात होते. पहिल्या टप्प्यात ४,३०१ रुग्णांचं फक्त निरीक्षण केलं. पुनरुज्जीवन नको असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ४७ टक्क्यांच्याच डॉक्टरांना ते ठाऊक होतं. दुसऱ्या टप्प्यात ४,८०४ रुग्ण होते. त्यातल्या एका गटासाठी खास प्रशिक्षित नर्स नेमल्या होत्या. त्या रुग्णाशी, घरच्यांशी आणि डॉक्टरांशी पुन्हा पुन्हा बोलत, रुग्णाच्या इच्छा समजून घेत, वेदनेकडे लक्ष द्यायला लावत. इतकं करूनही संवाद, आयसीयूतले दिवस, वेदना, पुनरुज्जीवन नको ही ऑर्डर लिहिण्याची वेळ, यातलं काहीच सुधारलं नाही. नर्स कमी पडल्या असं यावरून कोणी म्हणू नये. त्यांनी गोळा केलेली माहिती ज्या व्यवस्थेत पोचत होती ती व्यवस्था आपल्या जागेवरून हलली नाही. एका तासाच्या व्याख्यानाचा पेपर वाचताना हा अभ्यास आठवला, तर चर्चेतल्या मोठ्या दाव्याला लगेच मान डोलावली जात नाही.

पायरी ३: तुलना कोणाशी?

एकच गट, आधी चाचणी आणि नंतर चाचणी, ही या विषयातली नेहमीची रचना. तिच्यात गुण वाढण्याची प्रशिक्षणाशिवाय आणखी कारणं असतात. तीच प्रश्नावली दुसऱ्यांदा सोडवताना माणूस सरावतो. पहिल्या चाचणीनंतर मैत्रिणींत चर्चा होते, कोणी फोनवर उत्तर शोधतं. फार कमी गुण मिळालेल्यांनाच प्रशिक्षणाला निवडलं असेल, तर दुसऱ्या खेपेला त्यांचे गुण तसेही सरासरीकडे सरकतात. आणि शिकवणारी, प्रश्न काढणारी व पेपर लिहिणारी व्यक्ती एकच असली, त्यात ती वरिष्ठ असली, तर उत्तरं तिला आवडतील अशी दिली जातात. दृष्टिकोनाच्या प्रश्नांत हे फार होतं.

गळती, म्हणजे दुसऱ्या चाचणीआधीच काही जणी बाहेर पडणं, मात्र आकड्यांत पकडता येते, म्हणून ती जवळून पाहू. समजा प्रशिक्षणाआधी ६० नर्सनी चाचणी दिली, २० पैकी सरासरी ११ गुण. नंतरच्या चाचणीला ४१ जणी आल्या, सरासरी १५. तक्त्यात ४ गुणांची वाढ दिसते. आता जोड्या लावून पाहा. या ४१ जणींची आधीची सरासरीच १२.५ असेल, तर खरी वाढ २.५ गुणांची. उरलेला १.५ गुण कमी गुणांच्या १९ जणी बाहेर पडल्यामुळे ‘वाढला’. त्या का आल्या नाहीत? रात्रपाळी, मनुष्यबळाची कमतरता, की विषयच नकोसा वाटला? म्हणून आधी आणि नंतरच्या तक्त्यातली संख्या एकच आहे का हे बोट ठेवून मोजा, आणि विश्लेषण त्याच व्यक्तींच्या जोड्यांवर केलंय का ते बघा.

नियंत्रित गट, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला, हे प्रशिक्षण न मिळालेला गट असेल तर दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते का ते पाहा. गट चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीनं पाडले की सोयीनं? एकाच वॉर्डातल्या निम्म्या नर्सना शिकवलं आणि निम्म्यांना नाही, तर हँडओव्हरच्या वेळी माहिती इकडून तिकडे जाणारच. म्हणून चांगले अभ्यास अख्खा वॉर्डच एका गटात टाकतात. त्याचा आकड्यांवर काय परिणाम होतो ते पाचव्या पायरीत येईल.

दुसरी चाचणी कधी घेतली तेही लिहून ठेवा. सत्र संपल्यावर लगेच घेतलेली चाचणी स्मरणशक्ती मोजते. तीन किंवा सहा महिन्यांनी पुन्हा मोजणारा पेपर, गुण थोडे घसरलेले दाखवत असला तरी, मला जास्त विश्वासाचा वाटतो.

पायरी ४: प्रश्नावली उघडून पाहा

ज्ञानाची प्रश्नावली कोणी तयार केली, तज्ज्ञांनी तपासली का, आधी छोट्या गटावर वापरून पाहिली का, हे नेहमीचे प्रश्न आहेतच. अंतर्गत सुसंगतीसाठी क्रोनबाख अल्फा हा आकडा दिलेला असतो आणि ०.७० च्या वर असला की लेखक निश्चिंत होतात. बरोबर-चूक स्वरूपाच्या प्रश्नांना त्याचाच भाऊ असलेला कुडर-रिचर्डसन २० वापरतात. हे आकडे प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच सांगतात. ते योग्य गोष्ट विचारतात की नाही, हे प्रश्न वाचल्यावरच कळतं. परिशिष्टात प्रश्नावली नसेल तर लेखकांकडे मागा.

अमेरिकेत नर्ससाठी तयार झालेली केसॅड ही प्रश्नावली या विषयात पुष्कळ वापरली गेली आहे. ज्ञान, दृष्टिकोन आणि अनुभव असे तिचे भाग आहेत. ज्ञानाच्या भागात तिथल्या कायद्यावरचे प्रश्न आहेत. दुसऱ्या देशातल्या संशोधकांनी ती वापरली असेल तर हे प्रश्न बदलले का, भाषांतर पुन्हा मूळ भाषेत उलटवून पडताळलं का, बदलानंतर विश्वासार्हता पुन्हा तपासली का, हे शोधा. नाहीतर परक्या कायद्याचं अज्ञान ‘नर्सचं कमी ज्ञान’ म्हणून छापलं जातं.

आता दृष्टिकोनाचे प्रश्न. इथे मला मनापासून काळजी वाटते. ‘सकारात्मक दृष्टिकोन’ म्हणजे नक्की काय? काही मोजपट्ट्यांत उपचार थांबवण्याकडे कल असला की गुण जास्त मिळतात. आगाऊ निर्देशांचा हेतू तो नाही. ‘मला शेवटपर्यंत सगळे उपचार हवेत’ असं लिहिणाऱ्या माणसाचा निर्देशही तितकाच पूर्ण आणि तितकाच पाळण्याजोगा आहे. प्रशिक्षणानंतर किती रुग्णांनी उपचार नाकारले किंवा किती फॉर्म भरून घेतले, हेच यश म्हणून मोजणारा पेपर दिसला तर सावध व्हा. फॉर्मची संख्या रुग्णावर दबाव टाकूनही वाढते. त्याला काय समजलं, काय हवं होतं आणि मत बदलायची मोकळीक होती का, हे विचारलंय का ते पाहा.

आत्मविश्वासाच्या प्रश्नांबद्दल एवढंच, की ‘मला आता या विषयावर बोलता येईल’ असं वाटणं आणि रुग्णासमोर ते बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सराव-रुग्णासोबतचं संभाषण तटस्थ व्यक्तीनं पाहून गुण दिले असतील, तर तो पुरावा कितीतरी भक्कम.

पायरी ५: आकड्यांशी दोन हात

पी मूल्याकडे शेवटी या. आधी फरक किती आहे आणि त्याचा विश्वास अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो, किती रुंद आहे ते पाहा. २० पैकी ०.८ गुणांची वाढ मोठ्या सॅम्पलमध्ये सहज ‘लक्षणीय’ ठरते, पण तिच्यामुळे नर्स काय वेगळं करेल?

मग छेदाकडे, म्हणजे टक्केवारी किती जणांवर काढली आहे त्याकडे बघा. मेलबर्नमधल्या एका रुग्णालयातला यादृच्छिक नियंत्रित अभ्यास २०१० मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ८० वर्षं किंवा त्याहून मोठ्या ३०९ रुग्णांपैकी एका गटाशी प्रशिक्षित व्यक्तींनी आगाऊ नियोजनाची बोलणी केली. रुग्णाच्या अखेरच्या इच्छा माहीत होत्या आणि पाळल्या गेल्या, असं या गटात ८६ टक्के आणि नेहमीची सेवा मिळालेल्या गटात ३० टक्के दिसलं. आकडा डोळ्यांत भरतो, आणि अभ्यास चांगलाच आहे. तरी छेद पाहा: ही टक्केवारी ३०९ जणांची नाही, सहा महिन्यांत वारलेल्या ५६ जणांची आहे. एका गटात २९ पैकी २५, दुसऱ्यात २७ पैकी ८. शिवाय ‘माहीत होत्या’ आणि ‘पाळल्या’ या दोन गोष्टी एकाच आकड्यात बांधल्या आहेत. फरकाचा किती भाग नुसतं माहीत असण्याचा, हे पेपरच्या तक्त्यांतून वेगळं काढायचा प्रयत्न करा. इथे बोलणी प्रशिक्षित आणि त्याच कामासाठी नेमलेल्या माणसांनी केली होती, हेही लक्षात ठेवा. सगळ्या नर्सना एक व्याख्यान देण्याला या अभ्यासाचा आधार देता येणार नाही.

आता वॉर्डनुसार पाडलेल्या गटांकडे येऊ. एका वॉर्डातल्या नर्स एकमेकींसारख्या उत्तरं देतात, कारण त्यांची इनचार्ज एक, सवयी एक. समजा १० वॉर्ड आणि प्रत्येकी २० अशा २०० नर्स आहेत आणि वॉर्डांतर्गत साम्याचा गुणांक ०.०५ आहे. गणित असं: १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५. २०० ला त्यानं भागलं की या २०० जणींकडून मिळणारी माहिती जेमतेम १०३ स्वतंत्र व्यक्तींइतकी ठरते. विश्लेषणात हे धरलं नसेल तर पी मूल्य जरुरीपेक्षा लहान दिसतं. संख्याशास्त्र येत नसलं तरी ‘क्लस्टर’ (एकत्र असलेला गट, इथे वॉर्ड) हा उल्लेख विश्लेषणाच्या परिच्छेदात आहे का, एवढं नक्की पाहता येतं.

पायरी ६: गुणात्मक अभ्यास आणि आढावे

मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात वरचे बरेच निकष लागू होत नाहीत, ते लावूही नका. तिथे पाहायचं ते असं: मुलाखत कोणी घेतली आणि तिचं सहभागींशी नातं काय, दिलेली अवतरणं विषयसूत्राला खरंच धरून आहेत का, वेगळं बोलणाऱ्या सहभागींना जागा मिळाली का. नर्स हा विषय का टाळतात, हे अशाच अभ्यासांतून जास्त कळतं. पद्धतशीर आढावा असेल तर त्यात घेतलेल्या अभ्यासांची गुणवत्ता तपासून निष्कर्षात ती धरली आहे का, ते बघा. दहा कमकुवत अभ्यासांची बेरीज भक्कम पुरावा होत नाही.

पायरी ७: तपासणी यादी घ्या, पण योग्य ती

अ‍ॅडलेडची जेबीआय संस्था आणि ब्रिटनमधला कॅस्प हा उपक्रम यांच्या पेपर तपासण्याच्या याद्या मोफत मिळतात. रचनेनुसार यादी वेगळी असते, म्हणून आधी रचना ओळखा: नियंत्रित गट नसलेल्या किंवा यादृच्छिक नसलेल्या अभ्यासाला अर्धप्रायोगिक अभ्यासांची यादी. कन्सॉर्ट (यादृच्छिक अभ्यासांसाठी) आणि प्रिझ्मा (पद्धतशीर आढाव्यांसाठी) या याद्या अहवाल कसा लिहावा यासाठी आहेत; त्यांनी अभ्यासाची गुणवत्ता ठरवू नका. प्रशिक्षणाचं वर्णन पुरेसं आहे का हे पाहायला टायडियर ही १२ मुद्द्यांची यादी फार उपयोगी पडते. कोणी, कुठे, किती वेळ, कोणत्या साहित्यानं शिकवलं हे ती एकेक करून विचारते. या विषयातले पुष्कळ पेपर तिथेच अडखळतात, कारण सत्राबद्दल त्यांत जेमतेम दोन ओळी असतात.

यादीतल्या ‘हो’ची बेरीज करून ९ पैकी ७ असा शेरा देऊ नका. एकच ‘नाही’ अख्खा निष्कर्ष पाडू शकतो.

पायरी ८: कायदा आणि काळ

या विषयावरचं पुष्कळ संशोधन अमेरिकेतलं आहे. तिथे १९९० चा कायदा डिसेंबर १९९१ पासून लागू झाला. सरकारी विमा योजनांचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांना त्यानं दोन कामं लावून दिली: रुग्णांना निर्देशांच्या हक्काची माहिती देणं आणि कर्मचाऱ्यांचं शिक्षण करणं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ चा मानसिक क्षमता कायदा आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं मार्ग खुला झाला आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली गेली. म्हणून पेपर कोणत्या देशातला आणि माहिती कोणत्या वर्षी गोळा केलेली, हे दोन्ही पाहा. प्रसिद्धीच्या वर्षावर विसंबू नका. कायदा बदलण्याआधीचा अभ्यास ज्ञानाबद्दल जे सांगतो ते शिळं झालेलं असू शकतं. ‘बोलायला अवघड वाटतं’ हा निष्कर्ष मात्र सहसा टिकतो.

पायरी ९: मूल्यमापन लिहा

शेवटी एका परिच्छेदात लिहा. नमुना असा, काल्पनिक पेपरवर:

‘एका रुग्णालयातल्या ६० नर्सना ९० मिनिटांचं व्याख्यान दिलं. नियंत्रित गट नाही. नंतरच्या चाचणीला ४१ जणी होत्या, आणि विश्लेषण जोड्यांवर केलेलं नाही, त्यामुळे दाखवलेल्या वाढीचा काही भाग गळतीचा असू शकतो. प्रश्नावली लेखकांनीच केलेली, परिशिष्टात दिलेली नाही. मोजमाप ज्ञान आणि आत्मविश्वासापुरतं. नर्सनं रुग्णाशी काय बोललं किंवा नोंद झाली का, हे पाहिलेलं नाही. व्याख्यानानंतर लगेच गुण वाढतात, एवढं मानायला हरकत नाही. रुग्णसेवा सुधारते हा चर्चेतला दावा मात्र या माहितीवर उभा राहत नाही.’

यात किती वाक्यं पेपरला न्याय देतात तेही मोजा. दोष शोधण्याच्या भरात लेखकांनी चांगलं काय केलं ते सुटून जातं. अभ्यासक्रम नीट बांधलेला असेल, खऱ्या वॉर्डातले प्रसंग घेतले असतील, तर ते लिहा आणि वापरा.

आणि हे प्रशिक्षण आपल्याकडे घ्यायचं ठरलंच, तर मूल्यमापनाखाली एक ओळ जोडा: आपण काय मोजणार. सुरुवातीला फार मोठं काही नको. प्रशिक्षणाआधीच्या आणि तीन महिन्यांनंतरच्या फाइल्स घ्या. रुग्णाशी या विषयावर बोलणं झाल्याची नोंद, निर्णयासाठी नेमलेल्या व्यक्तीचं नाव, आणि हँडओव्हरमध्ये निर्देशाचा उल्लेख, या तीन गोष्टी आहेत का ते बघा. कोणती फाइल आधीची आणि कोणती नंतरची हे तपासणाऱ्याला कळू देऊ नका, तारखा झाकून द्या.